टेप काढली आणि खालचा रंगच निघून आला – 1/72 स्पिटफायर

खिडकीपाशी: मंडळी, मदत हवीय. एअरफिक्स कंपनीचं 1/72 (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं) स्पिटफायर मार्क वन ए, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल करतोय, आयुष्यातलं तिसरंच किट आणि एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) पहिलंच. खाली स्काय (फिकट हिरवट), वर डार्क अर्थ (मातकट तपकिरी), त्यावर डार्क ग्रीनचे पट्टे, म्हणजे 1940 च्या बॅटल ऑफ ब्रिटनची नेहमीची स्कीम. डार्क अर्थ संध्याकाळी मारला, दुसऱ्या दिवशी सकाळी हार्डवेअरच्या दुकानातली मास्किंग टेप कापून लावली, ग्रीन मारला आणि टेप ओढली तर डाव्या पंखावरचा नखाएवढा रंग टेपबरोबरच आला, खाली प्लॅस्टिक दिसतंय!! आणि जिथे रंग राहिला तिथे कडेने ग्रीन आत झिरपलाय. वर ठाण्यातला पाऊस, दमट हवा, मधेच एअरब्रश पाण्याचे थेंब थुंकतो. सगळं खरवडून परत पहिल्यापासून करू का? आणि अजून कॅनोपी (पायलटवरची काच) बाकी आहे, ती बघूनच धडकी भरते.

जुना_ब्रश: खरवडू नको रे बाबा. आधी सांग, स्प्रू (पार्ट ज्या चौकटीला जोडून येतात ती) धुतले होतेस का आणि प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारलास का? बहुतेक दोन्ही नाही 😄 साच्यातून पार्ट सुटावा म्हणून तेलकट काहीतरी लावतात त्याचा थर राहू शकतो, आपल्या बोटांचं तेल वेगळंच, आणि अॅक्रिलिक मुळात प्लॅस्टिकला चावत नाही, नुसतं वर बसतं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश, मग प्राइमर, त्याशिवाय टेपला हात लावायचा नाही. दुसरं, हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. या दिवसांत मी दोन दिवस ठेवतो, नाक लावून वास येतोय का बघतो, येत असेल तर अजून थांबतो. बायको म्हणते विमान हुंगणारा माणूस.
दुरुस्ती सोपी आहे. निघालेल्या जागेच्या कडा 2000 नंबरच्या बारीक वॉटर पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घास, बोट फिरवलं की पायरी लागता कामा नये, मग तेवढ्याच जागी प्राइमर आणि परत डार्क अर्थ.

पिवळी_पट्टी: टेप हार्डवेअरची म्हणजे तिथेच घोळ झाला. ती भिंतीसाठी असते, गोंद जास्त आणि कागद जाड, पॅनल लाइनवर (पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेषेवर) नीट दबत नाही म्हणून रंग खालून घुसतो. टामिया कंपनीची मॉडेलसाठीची पिवळी पातळ टेप घे, महाग आहे पण एक रोल खूप पुरतो. तीसुद्धा आधी दोनदा हाताच्या मागे चिकटवून काढायची, जोर कमी होतो. लावल्यावर कडेवरून आधी खालचाच रंग, म्हणजे तुझा डार्क अर्थ, एक पातळ हात मारायचा. जे काही झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपेल आणि फट बुजेल, मग बिनधास्त ग्रीन. काढताना वर उपटायची नाही, टेप स्वतःवरच उलटी दुमडून पृष्ठभागाला चिकटून हळूहळू मागे न्यायची.
थेंबांचं म्हणशील तर कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) आहे का? असला तर मधेमधे रिकामा कर, पावसात तो लवकर भरतो.

अण्णा 72: माझं मत थोडं वेगळं, कॅमोफ्लाजला टेप लावायचीच कशाला? ब्लू टॅकच्या (मळता येणारी चिकट पुट्टी) बारीक वळ्या करून पॅटर्नच्या रेषेवर ठेवायच्या, मधली जागा झाकायची आणि वरून सरळ फवारायचं. कड किंचित मऊ येते, छान दिसतं.

पिवळी_पट्टी: अण्णा, 1/32 च्या मोठ्या मॉडेलला मान्य. पण हिशोब करा ना, खऱ्या विमानावर दोन रंगांच्या मधे एक इंच धूसरपणा धरला तरी 1/72 मध्ये तो 0.35 मिलिमीटर होतो! तुमच्या वळ्यांनी दीड-दोन मिलिमीटर सहज येतो, म्हणजे खऱ्यावर चार-पाच इंच. एवढ्या छोट्या मॉडेलला टेपची कडक कडच खऱ्याच्या जास्त जवळ.

अण्णा 72: हिशोब बरोबर आहे, पण डोळ्याला मऊच आवडतं त्याला काय करणार. बरं, वळी दाबून चपटी केली तर कड बरीच कडक येते, हा घ्या मधला मार्ग 🙂

जुना_ब्रश: कॅनोपीचं राहिलं. टेपचा तुकडा अख्ख्या कॅनोपीवर लाव, टूथपिकने फ्रेमच्या कडांत दाबत जा म्हणजे रेषा उमटतात, मग नवीन ब्लेडने वजन न टाकता काप. जुनं ब्लेड कापत नाही, ओढतं. वळणावर एक तुकडा बसत नाही, तिथे मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या कडेने लावून मधे मास्किंग फ्लुइड (सुकल्यावर सोलून काढता येणारं द्रव) भर. फवारताना आधी आतला ग्रे-ग्रीन, मग त्यावर बाहेरचा रंग, म्हणजे काचेतून बघितलं तरी आतून फ्रेम बरोबर दिसते. आणि चिकटवायला सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने काच पांढरी होते. साधं फेविकॉल, सुकल्यावर दिसत नाही.

अण्णा 72: डिकलच्या (पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं) आधी ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत थर, विसरू नकोस हां, मॅटवर लावलेस तर खाली हवा राहून चंदेरी दिसतात. पंखाच्या पुढच्या कडेला बंदुकांच्या तोंडांवर लाल कापडी पट्ट्या असायच्या, आठ ब्राउनिंग मशीनगन म्हणजे आठ पट्ट्या, त्या डिकलमध्ये नसतील तर लाल रंगवलेली टेप बारीक कापून लाव. सीटबेल्टही टेपचेच कर. पुढच्या वेळी आपल्या एअर फोर्सच्या 8 नंबर स्क्वाड्रनचं मार्क एट कर, 1944 ला बर्मा फ्रंटसाठी मिळालेलं. त्याच्यावरच्या ओळखचिन्हाच्या गोलातला लाल काढून गडद आणि फिकट निळाच ठेवला होता, जपानी लाल गोळा समजून आपल्याच लोकांनी गोळी घालू नये म्हणून.

खिडकीपाशी: बापरे एवढं! धन्यवाद सगळ्यांना. कबूल, धुतलं नव्हतं, प्राइमरही नाही 🙈 काल पंख घासून प्राइमर मारून ठेवला, मॉइश्चर ट्रॅप उघडला तर चमचाभर पाणी निघालं. पिवळी टेप ऑर्डर केलीय, तोपर्यंत विमान हुंगत बसतो.