शीर वेगळं झाल्यावर शुद्ध किती वेळ राहते?

पंचवटीकर: सिंहस्थाचा विषय निघाला की रामकुंडावर अमृताच्या थेंबांची कथा निघते आणि तिच्यात राहू येतोच. अमृत घशाखाली उतरण्याआधी चक्र फिरलं, म्हणून शीर तेवढं अमर झालं. अमर सोडा, पण काही सेकंद शीर शुद्धीवर राहतं हे मला पटतं. पातं मानेत बसतं, मेंदूला हात लावत नाही. थांबतो तो रक्तपुरवठा. १९४३ मध्ये अमेरिकेत स्वयंसेवक तरुणांच्या गळ्याला हवेचा पट्टा बांधून, तो फुगवून, मेंदूचा रक्तपुरवठा क्षणात तोडला होता. शुद्ध हरपायला साधारण ५ ते १० सेकंद लागले. तेवढा वेळ आत कुणीतरी आहे.

म्हसरूळकर: पट्ट्याचा हिशेब इथे लावू नका. पट्ट्याने नवं रक्त अडतं, पण डोक्यातलं बरंचसं डोक्यातच राहतं. पात्याखाली दोन्ही कॅरॉटिड, म्हणजे गळ्यातल्या मोठ्या धमन्या, आणि मानेच्या मणक्यांतून वर जाणाऱ्या दोन्ही धमन्या एकदम उघड्या पडतात, दाब शून्यावर येतो, आतलं रक्त खाली गळतं. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू २० टक्के खातो आणि साठवून जवळपास काहीच ठेवत नाही. मी २-३ सेकंद धरेन. बाकी हालचाल. मान कापलेली कोंबडी फडफडते ती मज्जारज्जूच्या जोरावर.

पंचवटीकर: फडफडतं ते कोंबडीचं धड, आपण शिराबद्दल बोलतोय. पापणी उचलणारी नस मध्यमेंदूतून निघते, ऐकण्याची नसही डोक्यातच. दोन्ही शाबूत. २८ जून १९०५ ला फ्रान्समध्ये ओर्लेआँला लांगीय नावाच्या गुन्हेगाराचं शीर उतरवलं तेव्हा डॉ. बोर्यो जवळ उभे होते. पापण्या-ओठांची थरथर ५-६ सेकंद चालली, मग थांबली. त्यांनी नावाने हाक मारली. पापण्या सावकाश वर गेल्या, बुबुळं त्यांच्यावर स्थिरावली, पुन्हा मिटली. दुसऱ्या हाकेला तेच. तिसऱ्या हाकेला काही नाही. सगळं मिळून २५-३० सेकंद. आवाजाने दचकलं की पापणी मिटते, उघडत नाही. मग ही प्रतिक्षिप्त क्रिया कशी?

म्हसरूळकर: एक माणूस, एक निरीक्षक, यंत्र नाही. आणि पट्ट्याच्या ज्या प्रयोगावर तुमची भिस्त आहे, त्यातच शुद्ध जाण्याआधी नजर जागच्या जागी खिळायची. खिळलेल्या नजरेसमोर जो उभा असेल त्याला वाटणारच, माझ्याकडे बघतोय!

गंगापूर रोड: दोघांनाही अडचणीची गोष्ट मांडतो. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या नायमेखनहून उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिरच्छेदानंतर ईईजीतल्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत नोंदीतल्या, जाणिवेशी जोडल्या जाणाऱ्या १३ ते १०० हर्ट्झच्या लहरींची शक्ती ४ सेकंदांच्या आत निम्म्यावर आली. त्याच वेगाने उतरत गेली तर २४ सेकंदांनी चौसष्टावा हिस्सा उरतो, म्हणजे बोर्योंची दुसरी हाक अवघडच. पण भूल दिलेल्या उंदरांतही शिरच्छेदानंतर शक्ती जाग्या उंदरांइतकीच भरली. मग ही शक्ती जाणीव मोजते का, हाच प्रश्न. जाग्या उंदरांत सुमारे ५० सेकंदांनी जी मोठी लाट आली तिला मात्र जाणीव म्हणू नका. ऊर्जा संपून पेशींचे आयनपंप, म्हणजे विद्युतभारित कण आत-बाहेर करणारी यंत्रणा, बंद पडतात, तेव्हा विद्युतभार एकदम ढासळतो.

पंचवटीकर: लाटेचं मान्य. पण उंदराचा मेंदू ग्लुकोज माणसाच्या मेंदूपेक्षा वेगाने जाळतो. त्याचे ४ म्हणजे माणसाचेही ४ असं धरता येणार नाही.

म्हसरूळकर: ठीक, २-३ चे ५ करतो. पण तिसाला पुरावा हवा तर हाकेने भागत नाही. 'डावीकडे बघ' म्हटल्यावर बुबुळ डावीकडे गेलं पाहिजे.