चूक माझीच असेल, तर नो क्लेम बोनस किती जातो?

प्रश्न
गाडी मागे घेताना माझा अंदाज चुकला आणि उभ्या असलेल्या एका गाडीच्या दाराला पोचा आला. माझा मागचा बंपर एका बाजूने निखळला असून एक दिवा फुटला आहे. चूक सर्वस्वी माझी आहे, त्याबद्दल वाद नाही. सलग पाच वर्षे क्लेम न केल्यामुळे माझा बोनस, म्हणजे हप्त्यावरची सवलत, ५० टक्के आहे. आता क्लेम केल्यास तो पूर्ण जाईल, की नुकसान किरकोळ असल्यामुळे एखादीच पायरी खाली येईल?

पहिला प्रतिसाद
भारतातील मोटार विम्यात हा बोनस चूक कोणाची यावर नव्हे, तर ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम झाला की नाही यावर ठरतो. दुसऱ्याने येऊन तुम्हाला धडक दिली आणि तुम्ही दुरुस्ती स्वतःच्या पॉलिसीतून करून घेतली, तरीही तो शून्यावर येतो. २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा पायऱ्या चढताना आहेत, उतरताना नाहीत. चालू वर्षाची सवलत मात्र परत मागितली जात नाही. फटका बसतो तो नूतनीकरणाच्या वेळी, आणि तोही फक्त ओन डॅमेजच्या हप्त्याला.

दुसरा प्रतिसाद
क्लेम करण्यापूर्वी एक हिशेब मांडावा. बोनस वजा करण्यापूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता १०० धरला, तर आज तुम्ही ५० भरता. क्लेमनंतर तुम्हाला अनुक्रमे १००, ८०, ७५, ६५ आणि ५५ भरावे लागतील व सहाव्या नूतनीकरणाला पुन्हा ५०. म्हणजे पाच वर्षांत जास्तीचे १२५ गेले, मूळ हप्त्याच्या सव्वापट. आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, परंतु निर्णयासाठी एवढा अंदाज पुरतो. आता दुरुस्तीच्या बिलातून सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये स्वतः भरायची ठरावीक रक्कम) काढा आणि पॉलिसीत झीरो डेप (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) नसेल, तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवरचा ५० टक्के घसाराही काढा. उरलेली रक्कम त्या सव्वापटीहून कमी असेल, तर क्लेम करण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. परंतु समोरच्या गाडीच्या दाराचे काय? त्याचा खर्च माझ्या विम्यातून दिला, तरीही बोनस जाईल का?

पहिला प्रतिसाद देणारे
केवळ थर्ड पार्टीचा (ज्याचे नुकसान झाले त्या दुसऱ्या व्यक्तीचा) दावा झाला, तर बोनसला धक्का लागत नाही. अडचण अशी की तो दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावा लागतो, आणि दाराच्या एका पोच्यासाठी तिथे कोण जाणार? मग ते गृहस्थ बहुधा स्वतःच्या पॉलिसीतून दार दुरुस्त करून घेतात आणि काहीही चूक नसताना बोनस गमावतात. मला हे नेहमीच खटकत आले आहे. म्हणूनच पुष्कळ लोक दुरुस्तीचा खर्च परस्पर देऊन प्रकरण मिटवतात. मात्र विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करणे किंवा भरपाईचे वचन देणे पॉलिसीच्या अटींत बसत नाही. पुढे विम्याचा आधार घ्यावा लागेल असे वाटत असेल, तर आधी कंपनीला कळवा. कोणाला इजा झाली असेल, तर परस्पर मिटवण्याचा विचारही करू नये.

तिसरा प्रतिसाद
पॉलिसीत बोनस संरक्षणाचे ॲड-ऑन आहे का, तेही पाहावे. ते अपघातापूर्वीच घेतलेले असावे लागते, आणि किती क्लेमपर्यंत चालते हे कंपनीगणिक वेगळे असते. याच पॉलिसी वर्षात आधी एखादा क्लेम झालेला असेल, तर बोनस तसाही गेलेला आहे. मग दुसऱ्या क्लेमला कचरण्याचे कारण नाही, फक्त वजावट पुन्हा भरावी लागेल. आणि क्लेम करून, कंपनी बदलून, नव्या प्रस्तावात जुना बोनस लिहिण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तो ऐकू नका. जुन्या कंपनीकडे चौकशी होते, आणि खोटे उघडकीस आले की पुढचा ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

प्रश्नकर्ता
पॉलिसी पाहिली, बोनस संरक्षण नाही आणि झीरो डेपही नाही. बंपर व दिव्याचे अंदाजपत्रक मूळ हप्त्याच्या निम्म्यापेक्षा थोडे कमीच आले, तेव्हा माझी दुरुस्ती खिशातूनच करतो आहे. दाराविषयी मात्र विमा कंपनीला आजच लेखी कळवले आहे.