प्रवास बिघडवणारी पुस्तकं (अनुभव धागा)

मुंबईहून पुण्याला येताना माझा वीस वर्षांचा शिरस्ता होता, कर्जतला घाट चढवायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागेपर्यंत वडा संपवायचा आणि लोणावळ्यापर्यंत मस्त डुलकी. मग एका मित्रानं इयान केर यांचं ‘बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज’ वाचायला दिलं (१९९५ चं आहे, भाषा जरा प्राध्यापकी, पण नेटानं वाचा) आणि डुलकी गेली ती गेलीच. बोरघाट कुणी बांधला तर आपण इंग्रजांनी म्हणून मोकळे होतो. इथे कळतं की १८६१ च्या सुरुवातीला एकट्या या घाटात ४२ हजार माणसं खपत होती, बायका-पोरं धरून, आणि कॉलरा त्यांना झोपड्यांत गाठत होता. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, पहिला कंत्राटदार सोडून गेला, दुसरा सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला, मग त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, कंत्राट पुढे चालवलं. ३७ फुटाला १ फूट चढ! आता बोगदा आला की मी खिडकीतून दगडांकडे बघत बसतो आणि बायको म्हणते, तुमचं पुस्तक आलं वाटतं.

तर विचारायचं हे होतं की असं कुठलं पुस्तक तुमच्या वाट्याला आलंय का, ज्यानंतर रेल्वे, विमान, गाडी, बोट काहीही असो, त्यात पहिल्यासारखं निवांत बसता येईना? नुसती यादी नको. हातात कसं आलं आणि काय बिघडलं ते लिहा.

लूपलाइन
मी रिटायर्ड स्टेशन मास्तर, सिंगल लाइनवर उमेदवारी केलेला, म्हणजे वेताच्या रिंगणात अडकवलेला टोकनचा, म्हणजे पुढे जायच्या परवानगीचा, गोळा धावत्या इंजिनाला देणारे आम्ही. एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘रेड फॉर डेंजर’ मला एका वरिष्ठांनी दिलं होतं, १९५५ चं, सगळे ब्रिटन-आयर्लंडमधले रेल्वे अपघात. त्यात आयर्लंडमधलं आर्मा आहे, १८८९. लहान मुलांची सहलीची गाडी चढावर अडली म्हणून मागचे डबे सोडले, चाकांमागे दगड लावले आणि डबे उलटे घरंगळले. ब्रेक होता, पण डबे सुटले की आपोआप लागणारा नव्हता. ऐंशीच्या आसपास जीव गेले आणि आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा कायदा त्याच वर्षी झाला. आधी का नाही, असलं विचारायचं नसतं.

पण मला झोंबलं ते १९१५ चं क्विंटिन्सहिल. सिग्नलमन ज्या लोकलनं ड्यूटीवर आला तीच लोकल केबिनसमोर उभी होती आणि तो तिलाच विसरला, लिव्हरवर आठवणीची कडी अडकवायची असते ती अडकवली नाही, आणि सैनिकांच्या गाडीला लाइन दिली. दोनशेच्या वर गेले. लोक म्हणतात असं कसं विसरेल माणूस? विसरतो हो. एकदा पहाटे तीनला दोन नंबरवर मालगाडी घेऊन मीच विसरलो होतो, पॉइंट्समन म्हणाला, “साहेब, दोनला रेक उभाय.” एवढंच बोलला तो, पुढे कुणाला सांगितलंही नाही. पुस्तक वाचल्यावर त्याच्या घरी जाऊन आलो.

हवाबाण
इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्ट्रक्चर्समध्ये गचकलो तेव्हा मामानं नेव्हिल शूट यांचं ‘स्लाईड रूल’ पाठवलं. हे कादंबरीकार आधी विमानवाले, आर-१०० नावाच्या हवाई जहाजाची (म्हणजे विमान नव्हे, वायूनं तरंगणारा अवाढव्य फुगा) गणितं करणाऱ्या टीमचे मुख्य. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे माणसंच, एकेका चौकटीवरचा ताण काढायला महिनोन्‌महिने आकडेमोड. त्याच वेळी सरकारी खात्यानं दुसरं जहाज बांधलं, आर-१०१, आणि मंत्रीमहाशयांना त्यातून हिंदुस्थानात जाऊन परत यायची घाई. ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ जळालं, ५४ पैकी ४८ गेले, मंत्रीही गेले. शूटचं कॅनडाला जाऊन आलेलं धड जहाजसुद्धा नंतर मोडीत काढलं. शूट सरकारी बाजूवर फार तोंडसुख घेतो, ते थोडं सबुरीनं वाचा, तो स्वतः प्रतिस्पर्धी होता.

गंमत म्हणजे आर-१०१ निघालं होतं कराचीला, तिथे त्याच्यासाठी अवाढव्य हँगर बांधून तयार. ते काही पोचलं नाही, आणि दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, त्याच कराचीहून जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथमधून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमानात बसलो की पंख हलताना दिसतो ना, आता मी आकडे मोजतो. पास झालो, बाय द वे.

सव्वाशे सीसी
रॉबर्ट पर्सिगचं मोटारसायकलवालं, ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’, १९७४ चं. तीनदा सुरू केलं, तत्त्वज्ञान आलं की माझा क्लच सुटतो. पण मित्राच्या महागड्या गाडीचं हँडल ढिलं होतं, तर पर्सिग बियरच्या डब्याचा पत्रा कापून बसवू म्हणतो आणि मित्राला तो अपमान वाटतो, ते पान मी आमच्या मेस्त्रीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग ह्यात पुस्तक काय लिहायचं?

माझगावकर
हे लिहू की नको करत होतो. बाबा गोदीत होते, पाठीवर गोणी आणि हातात हूक. मार्क लेव्हिन्सन यांचं ‘द बॉक्स’ मी लॉजिस्टिक्सच्या नोकरीत बॉसनं सांगितलं म्हणून घेतलं. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं ५८ पेट्या, म्हणजे कंटेनर, बोटीवर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल हातानं चढवायला टनामागे जवळपास ५ डॉलर ८३ सेंट पडत होते, पेटीनं १६ सेंटच्या आत. ऑफिसात हा आकडा मी स्लाइडवर टाकला, टाळ्या पडल्या. घरी येऊन बाबांना मराठीत समजावून सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “पाच रुपयातले ते आम्ही.” डॉलर म्हटलं होतं मी, त्यांनी रुपये ऐकलं. मी दुरुस्त केलं नाही.

१९८९ ला न्हावा-शेवाचं कंटेनर बंदर सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. पुस्तकात न्यूयॉर्कच्या धक्क्यांचं ओस पडणं वाचताना मला सगळा वेळ आमच्या गल्लीतलं चहाचं दुकान दिसत होतं, सकाळच्या पाळीला तिथे उभं राहायला जागा नसायची. आता उरण रोडला ट्रेलरमागे अडकलो की लोक हॉर्न मारतात, मी पेटीवरचा नंबर वाचतो.

पायगाडी
वाहन नाही म्हणून बाद करू नका, पण गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईहून १८५७ त निघाले आणि बंडात सापडले ते सगळ्यांना माहितीय. मला मात्र कावड आठवते. आईवडिलांसाठी गंगेचं पाणी खांद्यावरून कोकणापर्यंत! मी स्लीपरमधून प्रयागचा एक कॅन आणला होता, भुसावळला गळायला लागला.

फुल तिकीट
माझं छापील पुस्तक म्हणावं तर भाड्याचं कोष्टक. वडील एसटीत कंडक्टर, सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि मुक्कामाच्या गाडीवरून आले की वेबिल (तिकिटांचा हिशेब) जुळवताना ते कोष्टक माझ्या हातात देऊन मला उभे-आडवे आकडे विचारायचे. पाढे मी त्यातच शिकले. भाडेवाढ झाली की जुनं कोष्टक मला खेळायला मिळायचं. अजून एक आहे माझ्याकडे, कडा तेलकट, एका कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलनं लिहिलंय, “म्हातारीचे ४ आणे राहिले, परतीला देणे.”