श्टुटगार्टला स्थलांतर: मुलांची मराठी, माझे काम आणि सासूबाई, यांविषयी मार्गदर्शन हवे

शहापूरची शिक्षिका:

नमस्कार. आम्ही बेळगावच्या शहापूर भागात राहतो. माझे यजमान गेली चौदा वर्षे उद्यमबागेतील एका कारखान्यात आहेत. कास्टिंगच्या मशीनिंगमध्ये त्यांचा हात चांगला बसला आहे, आणि त्याच अनुभवावर त्यांना जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या तिथल्या परवान्यावर, ते पुढच्या महिन्यात निघतील, आणि तिकडे घर मिळाले की मी व मुले मागोमाग जाऊ. मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत आहे. मुलगा चार वर्षांचा आहे.

आसपासची बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जात असताना आम्ही मुलीला मुद्दाम मराठी शाळेत घातले. मी स्वतः मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे सीमाभागात एकेका वर्गाचा पट टिकवण्यासाठी किती घरांचे उंबरे झिजवावे लागतात, हे मी जवळून पाहिले आहे. आता कुठे मुलगी मराठी सलग वाचू लागली आहे, शाळेतले कन्नड अक्षरे जुळवून वाचते आणि तिची इंग्रजीची भीतीही कमी झाली आहे. अशा वेळी तिच्यासमोर चौथी भाषा उभी राहणार आहे. काही नातेवाईक सांगतात की, तिथे गेल्यावर घरातही इंग्रजी किंवा जर्मनच बोला, नाहीतर मुले मागे पडतील. हे खरे आहे का? ज्या भाषेसाठी आमच्या मागच्या दोन पिढ्यांनी इतके सोसले, ती आमच्याच हातून सुटावी हे मला सहन होणार नाही, पण माझ्या हट्टापायी मुलीचे नुकसान व्हावे असेही मला वाटत नाही.

दुसरे असे की, तिथे गेल्यावर मी काय काम करू शकेन? आणि तिसरे, सासूबाई खानापूर तालुक्यातील गावी एकट्या राहतात. त्यांना सोबत नेता येते का? ज्यांनी हा मार्ग आधी चालला आहे, त्यांनी सविस्तर सांगावे.

येळ्ळूरकर:

ताई, आम्ही सहा वर्षांपूर्वी श्टुटगार्टजवळच्या एसलिंगनला आलो, तेव्हा आमची मुलगी साधारण आपल्या मुलीच्याच वयाची होती. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

घरात मराठी बोलणे थांबवू नका. आमच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेने पहिल्याच भेटीत आम्हाला सांगितले की, आपल्याला नीट येते त्याच भाषेत मुलांशी बोला. जर्मन शिकवणे हे शाळेचे काम आहे. आई-वडिलांची अर्धीकच्ची जर्मन ऐकून मूल जर्मन शिकत नाही, उलट त्याला कोणतीच भाषा पुरी मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि आमच्या अनुभवाने ते खरे ठरले. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात नव्याने आलेल्या मुलांसाठी अनेक शाळांत ‘फोरबेराइटुंग्सक्लासे’ म्हणजे पूर्वतयारीचा वर्ग असतो. मुलगी तिथे आधी भाषा शिकली आणि मग हळूहळू नेहमीच्या वर्गात मिसळली. पहिले चार महिने ती शाळेत जवळजवळ मूक होती. आम्ही घाबरलो होतो, परंतु पाचव्या महिन्यात ती एकदम पूर्ण वाक्ये बोलू लागली. हा मौनाचा काळ आपल्याकडेही येईल असे गृहीत धरा आणि त्यावरून तिला टोकू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. येथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते, आणि मुलाने पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जावे याची शिफारस चौथीतच होते. आपली मुलगी जेमतेम एक-दोन वर्षांची जर्मन घेऊन त्या टप्प्यावर पोहोचेल. आम्ही शाळेला विनंती करून मुलीला एक वर्ष खाली बसवले. तेव्हा मला ते फार लागले होते, पण आज तो निर्णय योग्यच वाटतो. चौथीत गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, मिळाले नाही तरी पुढे रेआलशूले या मधल्या स्तराच्या शाळेतून वर जाण्याचे मार्ग खुले असतात, हेही लक्षात असू द्या.

आपली मुलगी रिकाम्या हाताने येत नाही. बेळगावच्या मुलाला घरात एक, फळ्यावर दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा असते हे जन्मापासून ठाऊक असते. येथे श्वाबेन भागातील लोकांची बोली पाठ्यपुस्तकातल्या जर्मनपेक्षा इतकी वेगळी आहे की, इतर शहरांतून आलेली माणसे गोंधळतात. आमच्या मुलीला मात्र त्याचे नवल वाटले नाही, कारण आपण घरात जी मराठी बोलतो ती पुस्तकातल्यासारखी नसते, हे ती येळ्ळूरलाच शिकली होती.

आणि कन्नड विसरू देऊ नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बेळगावात असताना मी स्वतः गरजेपुरतीच, आणि तीही मनावर दगड ठेवून, कन्नड बोलत असे. येथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात पत्नी आजारी पडली, तेव्हा मुलीला शाळेतून आणणारे आणि आठ दिवस डबा पोहोचवणारे कुटुंब गदगचे होते. त्यांच्याशी मी कन्नडमध्येच बोलतो. माझे व्याकरण चुकते, पण त्यांनी एकदाही ते मनाला लावून घेतले नाही. सीमाप्रश्नावरील माझे मत बदललेले नाही. त्या भाषेशी माझे नाते मात्र बदलले, आणि ते येथे आल्यावर बदलले.

व्यवहारातल्या दोन गोष्टी यजमानांना आधीच सांगून ठेवा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. असे पत्र द्यायला तयार नसलेल्या मालकाचे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण त्या नोंदणीशिवाय पुढची कामे अडतात. दुसरी म्हणजे ‘केअरवोखे’. या भागात इमारतीचा जिना आणि प्रवेशद्वार झाडण्याची पाळी भाडेकरूंकडे आठवड्याआठवड्याने येते. ती पाळी मनापासून केली, तर शेजारी लवकर आपले होतात.

निपाणीची माहेरवाशीण:

मीही येथे येण्यापूर्वी शिक्षिका होते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसासाठी जर्मन परीक्षेचे प्रमाणपत्र आधी दाखवावे लागत नाही, आणि येथे आल्यावर नोकरी करण्याचा पूर्ण अधिकार असतो. म्हणून पुष्कळ जणी भाषा न शिकताच येतात, आणि मीही तीच चूक केली. ताई, आपल्या हातात अजून काही महिने आहेत. निदान ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली, पातळी तिकडेच पूर्ण करा. येथे नव्याने आलेल्यांसाठीच्या एकात्मता अभ्यासक्रमात साधारणपणे भाषेचे 600 आणि देशाच्या ओळखीचे 100 तास असतात, पण मुलाला बालवाडीत, म्हणजे ‘किटा’त, जागा मिळेपर्यंत आईला त्या वर्गाला जाणे कठीण होते, आणि किटात जागांची टंचाई आहे. पत्त्याची नोंदणी होताच त्याच आठवड्यात किटासाठी अर्ज करा.

शाळेत शिक्षिका म्हणून लगेच उभे राहता येईल अशी आशा धरू नका. हा पेशा येथे कायद्याने नियंत्रित आहे. पदवीची मान्यता आणि फार वरच्या पातळीची जर्मन, दोन्ही लागतात. मला बी-टू, म्हणजे चौथी, पातळी गाठायला अडीच वर्षे लागली. त्यानंतर एका किटात मदतनीस म्हणून सुरुवात केली, आणि आज मी तेथे पूर्णवेळ आहे. पहिल्या वर्षी आरशासमोर उभी राहून ‘मी कोण आहे’ असे विचारण्याचे दिवस माझ्यावर आले, हे लपवत नाही. आपल्यावरही येतील. त्या दिवसांत यजमानांनी ‘पगार पुरतो आहे ना’ असे म्हणू नये, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवा.

मराठीविषयी माझी एक खंत सांगते. आमचा मुलगा मराठी उत्तम बोलतो, पण वाचू शकत नाही. बोलणे आपोआप टिकले, म्हणून वाचनही टिकेल असे आम्ही धरून चाललो, आणि शनिवारचा अभ्यास कधी वाढदिवसासाठी, तर कधी सहलीसाठी पुढे ढकलत राहिलो. दहाव्या वर्षी त्याच्या आजीचे पत्र आले, तेव्हा ते मलाच त्याला वाचून दाखवावे लागले. आपल्या मुलीला वाचता येते, ते रोज पंधरा मिनिटे तरी चालू ठेवा.

चिकोडीहून:

कागदपत्रांविषयी थोडक्यात. आपण कर्नाटकचे रहिवासी असल्यामुळे व्हिसाचा अर्ज बंगळूरच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. पुणे-मुंबईला नातेवाईक आहेत म्हणून तिकडे अर्ज करण्याचा विचार करू नये. बेळगाव शहराचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाले. त्यामुळे आपल्या दोघांच्या जन्मदाखल्यावर जुने इंग्रजी नाव आणि मुलांच्या दाखल्यावर नवे, असे होणार. त्याचा खुलासा एका कागदावर लिहून सोबत ठेवा. लग्नापूर्वीचे आणि नंतरचे आडनाव, तसेच मधले नाव, पासपोर्ट, विवाहदाखला आणि पदवी या तिन्हींवर अक्षरशः एकसारखे आहे का, ते आजच तपासा. माझे चार महिने त्यातच गेले.

मुलांना शाळेत आणि किटात घेताना गोवरच्या लशीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. आमच्या तायी कार्डावरील, म्हणजे कर्नाटकातील माता-बाल आरोग्य कार्डावरील, नोंदी कन्नडमध्ये होत्या, म्हणून डॉक्टरांकडून इंग्रजीत दाखला घ्यावा लागला.

सासूबाईंबद्दल सांगायचे तर, ज्या कुशल कामगारांना 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर पहिला निवास परवाना मिळाला आहे, त्यांना आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना बोलावण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु त्यांचा पूर्ण खर्च आणि आरोग्यविमा आपण उचलू शकतो हे दाखवावे लागते, आणि उतारवयात तसा विमा मिळणे हीच खरी अडचण ठरते. भेटीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. पहिली भेट थंडीत ठेवू नका. मे महिन्यात आणा.

शहापूरची शिक्षिका:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री यजमानांना हे सारे वाचून दाखवले. मुलीला एक वर्ष खाली बसवण्याची त्यांची तयारी नव्हती, पण येळ्ळूरकर दादांचा अनुभव ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले आणि ‘शाळेशी बोलून ठरवू’ म्हणाले. विवाहदाखल्यावर माझ्या मधल्या नावातले एक अक्षर खरोखरच वेगळे निघाले. सोमवारी त्या कामासाठी कचेरीत जाणार आहे. जर्मनच्या वर्गातही नाव घातले आहे.

निपाणीच्या ताईंनी आजीच्या पत्राविषयी लिहिले, ते मी सासूबाईंना सांगितले. रोज दिवेलागणीनंतर सातला नातवंडांशी फोनवर बोलायचे असे आधीच ठरले होते. तेव्हा तिकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन झालेले असतील आणि मुलगी शाळेतून आलेली असेल. पण सासूबाई म्हणाल्या की, फोनवर ती नुसती ऐकेल. म्हणून आठवड्याला एक पत्र त्या स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत, आणि मुलीने उत्तर मराठीतच लिहायचे आहे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे आणि लिहिण्याची सवय मोडून चाळीस वर्षे झाली आहेत. आज सकाळी त्यांनी माझ्याकडून दुरेघी वही मागून घेतली.