घरी बीअर बनवायचं सामान: नागपुरात आधी काय घ्यावं?

मनीषनगरवाला
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत गव्हाची बीअर प्यायलो, तेव्हापासून घरी बनवून पाहायचं डोक्यात बसलंय. ऑनलाइन एक किट दिसतंय: ३० लिटरचं नळवालं स्टीलचं पातेलं, २३ लिटरची प्लास्टिक बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारं झाकण), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची काचेची नळी) आणि बुचं दाबायचं यंत्र. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, एसी फक्त बेडरूममध्ये, हॉलला कूलर. बजेट पंधरा हजार. पैसे पातेल्यावर घालू की बादलीवर? की पातेलं इतवारीत भांडे ओळीतच बघू?

प्रतापनगरचे काका
भाऊ, आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. स्वतःपुरती, न विकता, तरीही. मी अमेरिकेत असताना मनसोक्त बनवली. तिथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरपर्यंत मुभा असते. नागपुरात परतल्यावर बीअर बंद केली आणि त्याच सामानात आल्याची जिंजर बीअर आणि कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) सुरू केला. तूही तिथूनच सुरू कर, यीस्टचा स्वभाव त्यातही पूर्ण कळतो.

आता सामान. ३० लिटरचं पातेलं नको. जिंजर बीअरला आलं-साखर उकळायला घरातलं सात-आठ लिटरचं गंज पुरतं. पैसा जायला हवा तो थंडाव्यावर. नेहमीच्या एल (बीअरचा एक प्रकार) यीस्टला १८ ते २२ अंश लागतात. आपल्याकडे मे महिन्यात वरच्या मजल्याचं स्वयंपाकघर रात्रीसुद्धा पस्तिशीखाली येत नाही, आणि आंबताना द्रव स्वतःही दोन-चार अंश तापतो. तेवढ्या उष्णतेत यीस्ट सुसाट सुटतं आणि थिनरसारखा उग्र वास सोडतं. मग पातेलं कितीही महागडं असो, चव गेलीच.

म्हणून जुना एका दाराचा फ्रिज बघ, चालू कॉम्प्रेसरवाला. त्याला बाहेरून तापमान नियंत्रक लाव. त्याची तार भांड्याच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा बांध, कारण आपल्याला फ्रिजमधल्या हवेचं नाही, द्रवाचं तापमान हवं. फ्रिज जमत नसेल तर परातीत पाणी, त्यात भांडं, भोवती ओलं गोणपाट आणि समोर कूलर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे फार सुंदर चालतं. जुलैपासून मात्र हवाच ओली, पाणी उडत नाही नं, मग गोणपाटाचा उपयोग नाही.

बादलीऐवजी पाच लिटरची काचेची बरणी घे. प्लास्टिकला घासणीचा एक ओरखडा पडला की जंतूंना कायमचं घर मिळतं. नळाचं पाणी उकळून थंड करूनच वापर. क्लोरीन राहिलं तर औषधासारखी चव येते.

हायड्रोमीटर मात्र नक्की घे. आकडा ०.००४ ने उतरला की साधारण अर्धा टक्का अल्कोहोल तयार झालं. आपल्याला त्याच्या आत थांबायचं आहे, म्हणून हे यंत्र लागतंच. पण बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. ३५ अंशांचा रस त्यात बुडवला तर आकडा तेवढाच, ०.००४ च्या आसपास, खाली दिसतो. म्हणजे काहीच आंबलं नसताना अर्धा टक्का झालं असं वाटेल. नमुना फ्रिजमध्ये थंड करून मगच वाच.

सदरची गृहिणी
काकांचं गोणपाट अगदी खरं, आमच्याकडे कोंबुचाची बरणी मेभर तशीच असते. एक भर घालते: कोंबुचाला एअरलॉक लावू नका, त्याला हवा लागते. दुपदरी सुती कापड आणि रबर पुरे. आणि चिनी मातीची जुनी लोणच्याची बरणी वापरू नका. कोंबुचा चांगलाच आंबट असतो, जुन्या चकाकीत शिसं असेल तर ते उतरतं.

मनीषनगरवाला
काका, ताई, खूप आभार. कायद्याचं माहीत नव्हतं, किट रद्द. आता बाटल्यांचं सांगा. घरी सरबताच्या चौकोनी काचेच्या बाटल्या भरपूर आहेत, आणि गोटी सोड्याच्याही दोन.

प्रतापनगरचे काका
चौकोनी अजिबात नको! दाबाचा ताण काचेवर सगळीकडे सारखा पसरत नाही, कोपऱ्यातून फुटते आणि काच डोळ्यांत जाते. गोटीची बाटली जाड असते खरी, पण ती धुणं आणि भरणं घरी जमणारं नाही, ठेव शोभेला. क्लिपच्या झाकणाच्या गोल, जाड बाटल्या घे, फेसाळ पेयासाठीच बनवलेल्या. सजावटीच्या तशाच दिसतात, त्या टाळ.

आणि प्रत्येक खेपेला एक बाटली सोड्याच्या प्लास्टिक बाटलीतच भर. काचेतला दाब कळत नाही, प्लास्टिकची दाबून पाहता येते. ती दगडासारखी कडक झाली की सगळ्याच बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे एका दिवसातही होतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ दाबून बघ. भरताना वर दोन बोटं जागा सोड.