गाळ्यात आधी असलेल्या दुकानदाराचा प्लास्टिकचा गुन्हा माझ्या नावावर कसा?

फरसाणवाला

मंडळी, काल मंगळवारी सकाळी साडेदहाला शेवेचा पहिला घाणा काढला आणि महापालिकेची गाडी दारात. दोन निरीक्षक, एक मुकादम आणि मोबाईलवर फोटो काढणारा एक पोरगा. मुकादमानं काउंटरखाली हात घातला आणि हँडलच्या पातळ पिशव्यांचा गठ्ठा वर काढला. खोटं कशाला बोलू, माझ्याच होत्या. गिऱ्हाईक हात हलवत येतं, भडंग कागदात बांधून दिलं तर तोंड वाकडं करतं, म्हणून ठेवलेल्या. त्याचे 5,000 भरायला माझी ना नाही.

पण साहेबांनी मागितले 10,000. का, तर 'दुसरा गुन्हा'. म्हणे या पत्त्यावर आधी एक कारवाई झालेली आहे. अहो, या गाळ्यात आधी मोबाईल कव्हरवाला होता! मी आलो ऑगस्टात. भाडेकरार दाखवला, शॉप अ‍ॅक्ट दाखवला, कोणी बघायलाही तयार नाही. पैसे देत नाही म्हटल्यावर नोटीस हातात: शुक्रवारपर्यंत भरा, नाहीतर खटला.

आणखी एक गंमत. पिशव्यांबरोबर कंपनीची सीलबंद चकलीची सहा पाकिटंही पोत्यात कोंबली आणि पंचनाम्यात लिहिलं 'जप्त प्लास्टिक 3 किलो'. मी घाईत सही केली. पाच हजार भरून बाकीच्यावर भांडता येतं का? की सगळे भरून नंतर परत मागू?

जुना_वाणी

भरून परत मागायचा विचार डोक्यातून काढा. तिजोरीत गेलेला पैसा बाहेर काढायला तुमच्या चपला झिजतील.

आणि तुमचं लक्ष पाच हजारांवर आहे, ते चुकीच्या जागी आहे. 23 मार्च 2018 ची अधिसूचना आली तेव्हापासून दर तोंडपाठ आहेत: पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद. आज 'दुसरा' हा शब्द मान्य केलात तर पुढच्या वेळी तुम्ही थेट तिसऱ्या पायरीवर. रकमेसाठी नाही, त्या शब्दासाठी भांडा.

टपरीछाप

एवढं कशाला काका. दोन हजार सरकवा, विषय संपला. आमच्याकडे असंच चालतं.

जुना_वाणी

@टपरीछाप संपत नाही रे बाबा. पावती नाही म्हणजे पुढच्या महिन्यात तीच गाडी, तोच मुकादम. एकदा चाखलं की वाट पाठ होते त्यांची. आणि फरसाणवाले, क्यूआर समोर धरला तर स्कॅन केल्यावर कोणाचं नाव येतंय ते बघूनच पैसे टाका. छापील नंबराची पावती मिळाल्याशिवाय जागचे हलू नका.

काळा_कोट

दादा, व्यवसायानं वकील आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जागेवर भरतो त्याला आपण दंड म्हणतो, पण तो कोर्टानं केलेला नसतो. ती तडजोड असते. रक्कम भरली म्हणजे कारवाई मान्य करून प्रकरण मिटवलंत. नाही भरलीत तर त्यांना मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागतं आणि तिथे गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर. म्हणून हरकत घ्यायची ती भरण्याआधी, आणि लेखी.

पहिला गुन्हा ज्यानं केला त्याचा, गाळ्याचा नाही. उद्याच प्रभाग कार्यालयात दोन प्रतींत अर्ज द्या. सोबत भाडेकरार, शॉप अ‍ॅक्ट आणि जीएसटी असेल तर नोंदणीच्या तारखेचं प्रमाणपत्र जोडा. अर्जात एकच मागणी ठेवा: आधीच्या कारवाईची पावती कोणाच्या नावे फाडली ते दाखवा. पहिल्या गुन्ह्याची रक्कम भरायला तयार आहे, हेही लिहा. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तो नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. माहिती अधिकाराचा अर्जही 10 रुपयांत टाकून ठेवा, मात्र उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, शुक्रवारी त्याचा उपयोग नाही.

पंचनाम्यावर सही केली म्हणजे सगळं कबूल केलं असं होत नाही. पण सहीच्या वर 'सीलबंद पाकिटांसह वजन, हरकत आहे' एवढं लिहायला हवं होतं. आता ते अर्जात लिहा. कारखान्यातून आलेलं वेष्टन आणि तुमच्या हँडलच्या पिशव्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंड किलोवर ठरत नाही, तरी कागदावर खोटं वजन कशाला राहू द्यायचं?

फरसाणवाला

ताई, काका, दोघांचे आभार. काय झालं ते सांगतो.

गुरुवारी अर्ज दिला. आवकवाल्या बाई म्हणाल्या, 'शिक्का कशाला, ठेवा की इथं.' मी हललोच नाही, शेवटी मारला. साहेब फिरतीवर. शुक्रवारी अकरापासून बाकावर बसून होतो, दीडला आले. रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, आधीच्या नोंदीत मोबाईल कव्हरवाल्याचं नाव. साहेब काही बोलले नाहीत. पावतीवरचा 'दुसरा' खोडला, वर 'पहिला' लिहिलं, सही ठोकली आणि म्हणाले, 'भरा पाच.'

मी म्हटलं, साहेब, खालच्या कार्बन कॉपीवर 'दुसरा'च राहिलाय. नवीन पावती द्या. चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण जुनीवर आडव्या रेघा मारून 'रद्द' लिहिलं आणि नवी फाडली. 5,000 भरले, दोन झेरॉक्स काढल्या, एक दुकानात लॅमिनेट करून लावली.

चकलीच्या पाकिटांचं विचारलं तर मुकादम म्हणतो, पोत्यात पाकिटं नव्हतीच.