येता शनिवार की पुढचा शनिवार? बेत ठरवताना नेमकं काय लिहावं

नोंदवही:
सहलीचा, जेवणाचा किंवा साध्या भेटीचा बेत ग्रुपवर ठरतो, तेव्हा 'पुढच्या शनिवारी', 'परवा', 'आठ दिवसांनी' हे शब्द सर्रास येतात आणि जो तो त्यातून आपापला दिवस काढतो. सोयीसाठी आज बुधवार, १० जून आहे असं धरू. मग 'पुढच्या शनिवारी भेटू' म्हणजे १३ की २०? 'आठ दिवसांनी' म्हणजे बुधवार १७ की गुरुवार १८? आणि 'शनिवारी रात्री १२ ला निघायचं' म्हणजे नक्की कोणती रात्र? कोणाचा अर्थ शुद्ध, हा वाद नको. घोळ कुठे होतो, का होतो आणि संदेश कसा लिहिला की होत नाही, एवढंच हवं आहे.

तिठा:
'पुढच्या'चा घोळ होतो, कारण मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. काही जण शनिवार मोजतात: आजपासून पुढे जो पहिला लागेल तो पुढचा, म्हणजे १३. बाकीचे आठवडे मोजतात: १३ हा 'या' आठवड्यातला, म्हणून पुढचा तो २०. बोलणाऱ्याची पद्धत एक आणि ऐकणाऱ्याची दुसरी असली, की सरळ सात दिवसांचा फरक पडतो.

हा धोका सगळ्या वारी सारखा नसतो. शुक्रवारी कोणी उद्याच्या दिवसाला 'पुढचा शनिवार' म्हणत नाही, तिथे २० च समजतात. सोमवार ते बुधवार मात्र अवघड, कारण शनिवार फार जवळही नसतो आणि फार लांबही नसतो.

'येत्या शनिवारी' त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे. येता म्हणजे सर्वात आधी येणारा, १३. 'या शनिवारी' जपून वापरा. सोमवारी १५ तारखेला कोणी 'या शनिवारी गेलो होतो' म्हणालं तर तो १३ असतो, 'या शनिवारी जाऊ' म्हणालं तर २०. सगळी भिस्त क्रियापदावर. आणि घाईच्या संदेशात नेमकं क्रियापदच गळतं: 'या शनिवारचं काय?'

'पुढच्या आठवड्यात'ची गत रविवारी सर्वात वाईट. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो, भिंतीवरच्या बऱ्याच कॅलेंडरांत मात्र पहिला रकाना रविवारचा असतो. रविवारी, १४ जूनला, 'पुढच्या आठवड्यात' लिहिलं तर एकाचा पुढचा आठवडा उद्यापासून सुरू होतो, दुसऱ्याचा २१ ला. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचा पहिला दिवस बदलता येतो, त्यामुळे दोघांनी आपापल्या पडद्यावर पाहिलं तरी दोघांना दोन वेगळ्या ओळी दिसू शकतात.

दुर्वांकुर:
'आठ दिवसांनी' आणि 'पंधरा दिवसांनी' यांत आज आणि तो दिवस दोन्ही धरलेले असतात. बुधवार ते बुधवार बोटांवर मोजून पाहा, आठ बोटं होतात. म्हणून आठ दिवसांनी म्हणजे १७, पंधरा दिवसांनी म्हणजे २४, वार तोच. पण 'तीन दिवसांनी' म्हटलं की आपण आज धरत नाही: बुधवारनंतर तीन दिवसांनी शनिवार. एकाच बोलण्यात दोन हिशेब चालतात आणि आकडे लिहून काढणारा माणूस तिथेच फसतो. कॅलेंडरच्या ॲपमध्ये १० अधिक १५ केलं तर गुरुवार २५ येतो, समोरच्याच्या मनात मात्र बुधवार २४ असतो. वार आणि आकडा जुळत नसतील, तर सहसा बोलणाऱ्याच्या डोक्यात वार असतो.

'परवा' मागेही जातो आणि पुढेही. 'परवा आलो' आणि 'परवा येतो' यांत अडचण नाही. अडचण 'परवाची मीटिंग', 'परवाचा हिशेब' अशा तुकड्यांत आहे. १० तारखेला तो सोमवार ८ ही असेल आणि शुक्रवार १२ ही. 'तेरवा' तर बऱ्याच जणांच्या बोलण्यातच नाही, तो लेखी टाळावा. 'उद्या-परवाकडे' हा दिवसच नव्हे. त्याचा अर्थ 'लवकरच बघू' इतकाच, त्यावर गाडी सांगून ठेवू नये.

आणखी एक जागा: 'दिवसाआड' स्पष्ट आहे, १०, १२, १४. 'दोन दिवसांआड' म्हटलं की मध्ये दोन दिवस सोडायचे (१०, १३, १६) की दर दुसऱ्या दिवशी, यावर गोंधळ होतो. औषध, झाडांना पाणी, पाळीने करायचं काम असेल तर पहिल्या तीन तारखा लिहा. तीन लिहिल्या की क्रम आपोआप कळतो, दोन पुरत नाहीत, कारण दुसरी चुकली असेल तर पकडायला काहीच उरत नाही.

उंबरठा:
रात्री बाराचं सांगतो. तारीख मध्यरात्री बदलते, पण पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि बोलण्यातली रात्रही झोपून उठेपर्यंत आदल्या दिवसाचीच राहते. 'शनिवारी रात्री दीडला' म्हणणाऱ्याला १३ च्या संध्याकाळनंतरची वेळ अभिप्रेत असते. कॅलेंडरप्रमाणे ती रविवार, १४ जून, ०१:३० आहे. तिकीट काढताना हीच चूक महागात पडते: १४ तारखेच्या ००:२० च्या गाडीसाठी स्टेशनवर १३ च्या रात्री पोचावं लागतं. १४ च्या रात्री पोचलात, तर गाडी जवळपास २४ तासांपूर्वी गेलेली असते.

अशा वेळी दोन्ही वार लिहा: 'शनिवार १३ ची रात्र उलटून रविवार १४ लागताना, ००:२०'. वाक्य लांबतं, लांबू द्या. वेळ तुमच्या हातात असेल तर ठीक १२ टाळून रात्री ११:४५ ठेवा, वादच उरत नाही.

मुदतीचंही असंच. 'शनिवारपर्यंत पैसे द्या' यात शनिवार धरला जातो. 'शनिवारच्या आत' म्हणजे काहींच्या मते शुक्रवारीच मुदत संपली, काहींच्या मते शनिवार संपायच्या आत. 'शुक्रवार १२ जून, रात्री ८ पर्यंत' असं लिहिलं की दोघे एका जागी येतात. आणि बेत बदलला तर 'दोन दिवस पुढे घेतला' लिहू नका. 'पुढे ढकलला' म्हणजे उशिरा, हे सगळ्यांना कळतं. 'पुढे घेतला' हे काही जण अलीकडे आणल्यासारखं वाचतात. जुनी तारीख आणि नवी तारीख, दोन्ही द्या.

नोंदवही:
सगळ्यांचे आभार. असा संदेश चालेल का?
'परवा भेटायचं ठरलं आहे. शनिवार १२ जून, सकाळी ७:३०. येणार की नाही ते उद्यापर्यंत कळवा.'

तिठा:
तीन दुरुस्त्या. १२ जूनला शुक्रवार आहे. वार आणि तारीख सोबत लिहायची ती यासाठीच: एक चुकलं की दुसरं ते उघडं पाडतं. असा संदेश तुम्हाला आला, तर अंदाजाने एक धरू नका, विचारा. जुना संदेश कॉपी करून तारीख बदलली आणि वार तसाच राहिला, असं फार वेळा होतं.

'परवा' आणि 'उद्यापर्यंत' काढा. संदेश पुढे पाठवला की त्याखाली पाठवल्याची नवी वेळ येते, मूळ तारीख दिसत नाही. रात्री ११:५० ला लिहिलेलं 'उद्या' सकाळी वाचणाऱ्याला एक दिवस उशिराचं वाटतं.

महिना अक्षरात लिहिलात ते चांगलं केलंत, तसाच ठेवा. ६/७ असं लिहिलं तर कोणाला ६ जुलै दिसेल, कोणाला ७ जून.

'शनिवार, १३ जून, सकाळी ७:३० ला भेटायचं. येणार की नाही ते गुरुवार, ११ जून, रात्री ९ पर्यंत कळवा.'

उंबरठा:
यात '७:३० ला भेटायचं' की '७:३० ला निघायचं', तेही लिहा. निघायचं असेल तर जमायची वेळ वेगळी द्या, ७:१५.